माया सोडली होतीस का?

या महिन्यात कॉमिक कॉनवरची तीन पत्रं आली. कॉमिक कॉन म्हणजे चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा, तिथे लोक आवडत्या पात्रांचे पोशाख घालून जातात. संपादकांनी विचारलं, एवढी जागा त्याला द्यायची का? म्हटलं, उन्हाळ्यात पापड-कुरडयांना दोन पानं देता, तेव्हा मी कधी काही बोलते का? पत्रं लांब होती, थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. वय ३८, राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी ठाण्याला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत पहिल्यांदा कॉमिक कॉन भरलं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला आम्ही पाच जण गेलो आणि मग तो नेमच झाला. २०१४ ला गोरेगावच्या एक्झिबिशन सेंटरमध्ये मी वंडर वूमन, ती अमेरिकन चित्रकथांतली नायिका, होऊन गेले होते. फोमचं चिलखत, मनगटपट्टे, कपाळपट्टी, सगळं घरी केलेलं. सहा महिने लागले होते. पुढे लग्न, मुलगी, सासऱ्यांचं आजारपण, करोना. तेव्हापासून एकदाही गेले नाही. परवा मुलीने माळ्यावरची पेटी उघडली आणि विचारलं, ‘आई, हे तू घालायचीस?’ तिचा विश्वासच बसेना. यंदा जायचं मनात आलंय. पण आमच्यातले दोघे परदेशात, एक पुण्यात आणि एकीशी बोलणं नाही. रील्स बघते तर सगळी पोरं विशीतली, सगळी जपानी ॲनिमेतली, म्हणजे तिकडच्या कार्टूनांतली. एक पात्र ओळखता येईल तर शपथ. चिलखत अंगात चढत नाही. नवरा म्हणतो, जाऊन ये, पण मग रडत येऊ नकोस. जावं का? ते घालावं का? आणि मुलीला न्यावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुझ्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचं उत्तर मला झोपेतही देता येईल. तीस वर्षं मी व्यावसायिक नाटकांचा कपडेपट सांभाळला आहे. तेव्हा आधी चिलखत.

पेटी खाली काढ, वर्तमानपत्र पसर आणि एकेक वस्तू त्यावर मांड. पहिल्यांदा बूट बघ. पायात चढवायचे नाहीत, नुसता तळवा अंगठ्याने दाबायचा. भुगा पडला तर सरळ कचऱ्यात. असल्या बुटांचे तळवे बऱ्याचदा पॉलियुरेथेनचे असतात आणि दमट हवेत ते आतल्या आत कुजत जातात. आपल्याला वाटतं, एकदाच तर घातलेत, नव्यासारखे असतील. उलट पेटीत पडून राहणंच त्यांना भोवतं. दौऱ्यावर एकदा मी एका सरदाराचे बूट प्रयोगाच्या दिवशीच पेटीतून काढले, आधी तपासले नाहीत. दुसऱ्या अंकात तो एका पायात तळवा आणि दुसऱ्यात नुसतं वरचं कातडं घालून मुजरा करत होता. लोकांना वाटलं, सरदार लढाईत जखमी झालाय. टाळ्या पडल्या. मी विंगेत तोंडात पदर कोंबून उभी.

रेक्झिन कुठे वापरलं असशील तर त्याचे पापुद्रे सुटले असतील. त्याला दुरुस्ती नाही, नवंच चढवायचं. इलॅस्टिक ताणून बघ, कुरकुर आवाज आला की ते मेलं. फोम मात्र चिवट. चेपला असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने हळूहळू गरम कर, खड्डा बराचसा भरून येतो. सांधे सगळे उकल, अगदी चांगले दिसत असले तरी. जुन्या गोंदावर नवा लावलास तर नवा जुन्याला धरतो, जुना कशालाच धरत नाही आणि ऐन गर्दीत खांदा हातात येतो. पिवळा पडलेला थर पॉलिश पेपरने घासून काढ, दोन्ही कडांना नवं लाव, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांब आणि मग नेम धरून एकदाच दाब. खिडकी उघडी आणि मुलगी बाहेरच्या खोलीत.

आता अंगात न चढण्याचं. त्यासाठी डाएट वगैरे सुरू करू नकोस. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. कपडेपटात मायेशिवाय टाका पडत नाही, कारण अंगरखा शिवायचा एका नटाच्या मापाने आणि रविवारच्या प्रयोगाला तो घालणार बदली नट, पहिल्याच्या दीडपट. छत्तीस छातीचा अंगरखा मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत उसवून मी चाळीसचा करून दिलाय. तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा हेच मनात आलं : माया सोडली होतीस का? सोडली नसणार. पंचविशीत कोणी सोडत नाही. मी स्वतःच्या लग्नातल्या ब्लाऊजला सोडली नव्हती, आणि माझा तर धंदाच तो.

फोमला माया नसते, पण ती मागाहून लावता येते. दोन्ही बगलांखाली चिलखत उभं काप. कापलेल्या कडांना आतून जाड कापडाची पट्टी चिकटव, नाहीतर फोम फाटेल. मग इंचा-इंचावर आयलेट ठोकून घे आणि त्यातून चामड्याची वादी ओव, बुटाच्या नाडीसारखी. मधे फट राहील तिच्या आतून तपकिरी कापड लाव. आयलेट, वादी, सोनेरी पट्टी हे सगळं भुलेश्वरला मिळेल. कापडाला हिंदमाता. चार इंच सहज निघतात आणि बघणाऱ्याला वाटतं की चिलखत असंच असायला हवं.

एवढं सगळं कर. पण यंदा घालू नकोस.

कारण मोठं नाही. चिलखत घातलं की नीट बसता येत नाही, वाकता येत नाही आणि स्वच्छतागृहात जायचं तर सोबत एक बाई लागते. २०१४ ला तुझ्याबरोबर चार जण होते. यंदा तू एकटी आहेस. मनगटपट्टे आणि कपाळपट्टी घाल, खाली जीन्स आणि लाल टीशर्ट. वंडर वूमन १९४१ पासून आहे, तिला ओळखायला लोकांना तेवढं पुरतं. चिलखत पुढच्या वर्षी, तोवर सोबत कोणीतरी मिळेल.

कोण मिळेल, हेच तू विचारते आहेस. पहिला प्रश्न तोच आहे, ‘जावं का’ हे नुसतं वरचं कापड. त्याचं उत्तर माझ्याकडे शहाणपणाचं नाही, मी काय केलं तेवढं सांगते.

२०११ ला कफ परेडला मीही होते. माझ्या भाचीने काळा झगा शिवून मागितला होता आणि माप द्यायला बाईसाहेबांना वेळ नव्हता. तेव्हा झगा, सुया, टाचण्या घेऊन मीच तिकडे गेले आणि एका खांबामागे तिला उभी करून टाके घातले. घालता घालता पाहिलं तर आजूबाजूला सगळे असेच. कोणाचा मुखवटा सुटतोय, कोणाची शेपटी. मला वाटलं, अरे, ही तर आपली विंग! तिसरी घंटा व्हायच्या आधीची. माझी आई असती तर म्हणाली असती, काय ही सोंगं. म्हणाली असती आणि मागून कोणाची तरी नाडी बांधून दिली असती. २०१६ पर्यंत मी दर वर्षी गेले. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग आईचं आजारपण, मग टाळेबंदी. आणि त्यानंतर काहीच नाही, नुसती सवय मोडली. लोकांना सांगताना मी गुडघा सांगते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये परत गेले. भाची आता कॅनडात. पण झगा माझ्याकडेच होता, तोच घातला. पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या आणि झग्याला ऊन दाखवायचं मी विसरले. तीस वर्षं भाद्रपदातल्या उन्हात गच्चीवर अख्खा कपडेपट वाळवणारी मी! रांगेत माझ्या पुढे-मागे दोन-दोन हात जागा मोकळी. शेवटी एका मुलाने, अंगावर निळा रंग फासलेला होता त्याने, फार अदबीने विचारलं, ‘काकू, वास हा कॅरेक्टरचाच भाग आहे का?’ मी हो म्हणून सांगितलं.

आत जाऊन मी काय केलं असेल? दोन भाऊ शोधले. गोरेगावला ते कोपऱ्यातल्या एका टेबलावर स्वतः काढलेली काळी-पांढरी चित्रकथा विकायला बसायचे. झेरॉक्स करून मधे स्टेपल मारलेली, आणि दर वर्षी पुढचा भाग. मी पाच भाग घेतले होते, सहाव्यात राक्षस मरणार होता. पाडलेल्या चाळीच्या जागी आपली खोली शोधावी तशा मी तीन फेऱ्या मारल्या. ते दोघे नव्हते. नसणारच, त्यांनाही आता पोटापाण्याचं पाहायला हवं. पण त्या तीन फेऱ्यांमध्ये समोर जे होतं त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. चूक झाली ती इथे. तू ती करू नकोस. आपली पाच जणांची जागा, आपला खांब, आपला स्टॉल असलं काही शोधू नकोस. मुळात इमारतच वेगळी आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटर झालं, गोरेगाव झालं, अलीकडे ते वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला भरतं. चालवणारेही नवे, २०२४ च्या जानेवारीत नॉडविन गेमिंग या कंपनीने कॉमिक कॉन इंडिया विकत घेतली.

गुडघा बोलायला लागला म्हणून मी भिंतीला टेकून खाली बसले. शेजारी एक मुलगी आली, पाठीवर पंख, प्रत्येकी तीन-एक फुटांचा. एका पंखाचा पट्टा तुटलेला आणि ती सेफ्टीपिनने पंख पकडायचा प्रयत्न करत होती. सेफ्टीपिनने! माझ्या पर्समध्ये दाभण आणि मेण लावलेला दोरा कायम असतो. ‘आण इकडे,’ म्हटलं. पट्टा दोन पदरी केला, फुलीचे सहा टाके घातले आणि गाठ आतल्या बाजूला मारली, म्हणजे खांद्याला टोचत नाही. टाके घालेपर्यंत ती मला तिच्या पात्राची गोष्ट सांगत होती. कोण कोणाचा भाऊ, कोणाला कोणी शाप दिला, कोणता राक्षस कोणत्या चंद्राचा. अर्धं कळलं नाही. पण कीर्तनात तरी कुठे सगळं कळतं? मान डोलवायचं मला बरोबर कळत होतं. ती उठून गेली तोवर समोर आणखी चार जण. एकाची ढाल, एकीचा टोप, आणि तो निळा मुलगा. त्याच्या विजारीची शिवण उसवली होती आणि या वेळी तो वासाबद्दल काही बोलला नाही. मग दीड तास मी तिथेच. पुढे कोणीतरी कॉफी आणून दिली. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, पण यंदा जाताना दोऱ्याचा रीळ मोठा घेणार आहे.

म्हणून सांगते, काहीतरी काम घेऊन जा. विंगेत ज्याला काम नसतं तो सगळ्यांच्या पायात येतो, आणि त्याचं त्यालाही ते कळत असतं. तू सहा महिने खपून चिलखत केलं आहेस, फोम तुला कळतो. विशीतल्या पोरांना दुकानातलं तयार मिळतं, ते तुटलं की कुठून धरायचं हे त्यांना माहीत नसतं. छोट्या पिशवीत दुहेरी टेप, सेफ्टीपिना, दोरा, फेविक्विक, चार इंच इलॅस्टिक टाक. कात्री आत नेऊ देतील का ते आधी नियमांत बघ. दारावर हत्यारं तपासतात, अगदी लाकडाच्या तलवारी हातात घेऊन. फोटो काढायचा असेल तर विचारून काढ, तुमच्या वेळी नव्हता इतका हा रिवाज आता पक्का आहे आणि तो चांगला आहे. पात्र ओळखू आलं नाही तर सरळ विचार, ‘तू कोण आहेस?’ एवढा आवडता प्रश्न त्या हॉलमध्ये दुसरा नाही.

जिच्याशी बोलणं नाही तिला कपाळपट्टीचा फोटो पाठव. खाली मजकूर लिहू नकोस.

मुलीला ने, पण रविवारी. शनिवारी तू एकटी, दुपारपर्यंत. तिकीट दिवसाचं असतं, म्हणजे तुझं दोनदा काढावं लागेल, ते काढ. पहिल्या दिवशी तुला रडू येणार असेल तर ते मुलीचा हात धरलेला असताना नको. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो हे डोंबिवलीकरणीला सांगायला नको. सकाळी लवकर निघा, कुर्ल्याला उतरून पश्चिमेला या, तिथून शेअर रिक्षा किंवा बस. मुलीच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी. डबा घेऊन जा, पण तो बाहेरच खाऊन घ्यावा लागेल असं धर.

आणि नवऱ्याला सांग, रडत आले तर येईन. घर माझंच आहे.

प्रश्न : वय ६७, बँकेतून निवृत्त, वास्तव्य गिरगाव. लहानपणी मराठी ‘इंद्रजाल’ चित्रकथांचा गठ्ठा होता, वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे, सगळे अंक. आईने रद्दीत घातले, ते दुःख अजून आहे. २०११ साली पेपरात वाचून कफ परेडला गेलो होतो. वेताळ कुठेच दिसला नाही, तासाभरात परत आलो. आता नातू आग्रह करतोय. एवढ्या वर्षांनी मला तिथे काही मिळेल का? की मुलं हसतील?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : मुलं हसणार नाहीत. त्यांना स्वतःचे केस सांभाळायचे असतात.

जुने अंक मात्र तिथे मिळतील ही आशा सोडा. कॉमिक कॉनमध्ये नवं मिळतं : नवे प्रकाशक, चित्रं, टीशर्ट, बाहुल्या. ‘इंद्रजाल’साठी तुम्ही चुकीच्या हॉलमध्ये गेला होतात. हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पदपथावरचे पुस्तकवाले, तुमची वाट तिकडची. एखादा अंक निघतो कधीतरी. मराठीतला निघाला तर भाव ऐकून आधी बसून घ्या. माझ्या भावाचाही गठ्ठा होता, बाइंडरकडून जाड पुठ्ठ्यात बांधून घेतलेला. तो वाडीतल्या मुलांना दहा पैसे रोजाने भाड्याने द्यायचा आणि मी वाचलं तर माझ्याकडूनही घ्यायचा. गठ्ठा कुठे गेला हे आमच्याकडे अजून कोणी कबूल केलेलं नाही.

तुमची तक्रार मला समजते, पण थोडी उलटी करून बघा. ‘इंद्रजाल’ १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. तुम्ही २०११ ला गेलात तेव्हा ते बंद पडून एकवीस वर्षं झाली होती. तिथल्या मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता, नाहीतर ती रांगत होती. पण धागा अगदीच तुटलेला नाही. ‘इंद्रजाल’ काढणाऱ्या टाइम्समध्ये त्याच्या सुरुवातीला ज्यांचा हात होता त्या अनंत पैंनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा काढली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’. देशातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला भरलं तेव्हा जीवनगौरव पैंना दिला, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत, २४ फेब्रुवारीला, ते मुंबईत गेले. म्हणजे तुम्ही कफ परेडला वेताळ शोधत होतात त्याच वर्षी. अमर चित्र कथेचा स्टॉल दिसला तर तिथे थांबा आणि नातवाला हे सांगा. ‘टिंकल’मधला सुपंडी त्याला माहीत असेलच. मग त्याला ‘इंद्रजाल’मधला आबिद सुरतींचा बहादूर सांगा, भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा. तुम्ही सांगत असताना अवतीभवतीचे दोन-चार जण कान देतील, बघा. जुनं सांगणारा माणूस तिथे फार कमी येतो.

नातवाला घेऊन जाऊ नका, त्याच्याबरोबर जा. म्हणजे कुठे थांबायचं ते तो ठरवणार आणि तुम्ही मागून. तासाभरात निघून येण्याचा रस्ता त्याने बंद होतो.

जाणं आता सोपं झालंय. मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. गिरगावला जमिनीखाली उतरायचं आणि बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, वर यायचं, गाडी बदलणं नाही. जिने लांबलचक आहेत, सरकत्या जिन्याची घाई करू नका. आत बसायला खुर्च्या कमी असतात. भिंतीजवळ मोकळी जागा दिसली की बसून घ्यायचं, तिथे जमिनीवर बसलेल्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. काळ्या झग्यातली एक बाई शिवत बसलेली दिसली तर शेजारी या. या वेळी झग्याला ऊन दाखवलेलं असेल.

एक विचारायचं राहिलं. वेताळाच्या बोटात असायची तशी कवटीची अंगठी तुम्हीही करून घेतली होतीत का हो? आमच्या भावाने सोनाराला चित्र नेऊन दाखवलं होतं. सोनार म्हणाला, अशुभ आहे, गणपती करून देतो. असेल तर घालून जा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, पहिल्यांदाच कॉमिक कॉनला जातोय. साडेसहा हजारांचा तयार पोशाख मागवायचा म्हणतो. आम्हाला हे परदेशी फॅड कळत नाही. घेऊन द्यावा का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : घेऊन देऊ नका. फॅड आहे म्हणून नव्हे. त्याच्या मापाचा बसणार नाही म्हणून, आणि या वयात तो दोन महिन्यांत दोन इंच वाढेल. तयार पोशाखात माया नसते, उलटून बघा, कड संपते तिथेच शिवण.

परदेशी म्हणाल तर हो, आहे. १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. आपल्या साहित्य संमेलनासारखंच, भाषणं वगैरे. फॉरेस्ट ॲकरमन नावाचा एक वाचक तिथे भविष्यकाळातला पोशाख घालून गेला. या हौसेचा इतिहास सांगताना त्याचं नाव नेहमी पहिलं घेतात. तो पोशाख शिवला होता त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हिने. स्वतःचाही तिनेच शिवला आणि ती त्याच्याबरोबर घालून गेली. पोशाख मिरवणाऱ्याचं नाव आधी आणि शिवणारीचं नंतर, हे मला नवीन नाही. नाटकाच्या जाहिरातीत आमचं नाव शेवटून दुसरं असायचं, प्रकाशयोजनेच्या खाली.

तेव्हा मुलाला शिवायला बसवा. घरात मशीन असेल तर तेल घाला, नसेल तर हाताने. साडेसहा हजारांतले हजार त्याला द्या, शनिवारी हिंदमाताला एकट्याला पाठवा आणि कापड घासाघीस करून आणू दे. व्यायामशाळेत जमिनीवर घालतात त्या चटईच्या फोमचे खांदे होतात, जुन्या पडद्याचा झगा होतो. पहिली बाही उलटी लागेल. लागू दे, सगळ्यांची लागते. उसवायला शिकला की निम्मं शिवण आलं.

कात्री मात्र चांगली द्या आणि त्या कात्रीने त्याला कागद कापू देऊ नका.